खलनायक बाप आणि अपराधी मुलगा: सुपरहिरोची सूडकथा कशी रचावी

सुपरहिरोची सूडकथा लिहायला बसणारे बहुतेक नवे लेखक खलनायकापासून सुरुवात करतात. त्याचा मुखवटा, त्याची शस्त्रे, त्याचा गुप्त अड्डा हे सगळे आधी ठरते. मग त्याने नायकाच्या जिवाभावाच्या कोणाला तरी ठार मारायचे असते आणि नायकाने पेटून उठायचे असते. खलनायक परका असेल तर एवढ्यावर कथा निभावून जाते. तो नायकाचा बाप असेल तर मात्र निभावत नाही, कारण बापाच्या दुष्टपणाने मुलगा आपोआप निर्दोष ठरतो, आणि निर्दोष मुलाने दुष्ट बापाला धडा शिकवला एवढ्या गोष्टीत वाचकाला धरून ठेवण्यासारखे काही उरत नाही. म्हणून या लेखातला प्रत्येक सल्ला एकाच आग्रहातून आला आहे: कथेची सुरुवात नायकाच्या स्वतःच्या अपराधापासून करावी, आणि बापाचे पाप उघडे पडल्यानंतरही तो अपराध जागचा हलणार नाही अशी तिची रचना करावी.

हे तंत्र किती परिणामकारक ठरते ते पाहायचे असेल तर 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चा जून १९७३ चा १२१वा अंक पाहावा. लेखन जेरी कॉनवे यांचे, पेन्सिलकाम गिल केन यांचे. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला पुलावरून खाली फेकतो, नायक वरून जाळे सोडतो, ते तिच्या पायाला चिकटते आणि ती पाण्याला टेकण्याआधी थांबते. तिला वर ओढून घेतल्यावर कळते की ती गेलेली आहे. एवढ्या उंचीवरून पडतानाच माणूस मरतो असे खलनायक म्हणतो; परंतु ज्या चौकटीत जाळे तिला अडवते, त्या चौकटीत तिच्या मानेपाशी काही तरी मोडल्याचा एक बारीक ध्वनिशब्द लिहिलेला आहे. एवढ्या एका शब्दाने कथेचा तोल बदलला. फेकणारा हात खलनायकाचा आणि झटका देणारा हात नायकाचा, अशी त्या मृत्यूची वाटणी झाली, आणि इतकी वर्षे उलटूनही वाचकांना ती वाटणी नीट करता आलेली नाही. शिवाय हा गॉब्लिन म्हणजे नायकाच्या जिवलग मित्राचा, हॅरीचा, बाप. पुढच्याच अंकात तो मरतो, आणि १९७४ मध्ये हाच मुलगा बापाचा वेश चढवून सूड घ्यायला उभा राहतो. आपल्याला शिकायचे आहे ते त्या ध्वनिशब्दापासून. त्यातली पात्रे आणि पोशाख घेऊ नयेत, कारण ते कंपनीच्या मालकीचे आहेत; नायक आपला, आपल्या मातीतला असावा.

अपराध हाताने घडलेला असावा

अपराधभाव मनात असतो आणि कॉमिक डोळ्यांनी वाचले जाते. नायक पावसात खिडकीपाशी बसून 'हे माझ्यामुळेच झाले' असे म्हणतो आहे, असे पान नवोदितांच्या हस्तलिखितांत मला वारंवार दिसते आणि ते दर वेळी वाया गेलेले असते. मन काढता येत नाही. हात काढता येतो. त्यामुळे नायकाचा अपराध ही एक लहानशी, हाताने केलेली, एका चौकटीत मावणारी कृती असली पाहिजे, आणि ती करताना त्याचा हेतू फारसा वाईट नसावा. थोडा लोभ, थोडा आळस, थोडी घाई एवढे पुरते.

उदाहरणासाठी एक कथा या लेखात उभी करत नेतो. ती गोव्यातली आहे, मांडवीच्या काठच्या एका काल्पनिक गावातली. गावाची शेती खाजनाची आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या पातळीखालची जमीन शतकानुशतके मातीच्या बांधाने राखलेली आहे, आणि बांधात एक मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर जाण्याची दारे असलेली मोरी, आहे. गोव्याबाहेरच्या वाचकासाठी मानशीचे काम पहिल्या दोन पानांत चित्रांनीच समजावून द्यावे. तिची लाकडी दारे भरतीच्या वेळी नदीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर रेटू लागले की उघडतात. ओहोटीच्या त्या ओघात जाळे लावून कोळंबी आणि मासळी धरतात, आणि हा हक्क मिळवण्यासाठी दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. आता लोभ कोठे शिरतो ते पाहा: भरतीच्या वेळी दार थोडे उघडे राहिले तर नदीतले पाणी जास्त आत येते, पाण्याबरोबर कोळंबीही जास्त येते, आणि ओहोटीला जाळे भरते. ही लबाडी खाजनाच्या गावांना चांगली परिचित आहे. शेतकरी तिच्यावर चिडतात, कारण आत आलेले खारे पाणी भाताच्या मुळाशी जाते.

आपला नायक सर्वेश सतरा वर्षांचा आहे. दिवाळीच्या आदल्या रात्री, सगळा गाव पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत असताना, तो मानशीचे एक दार दोरीने बांधून उघडे ठेवतो आणि मित्रांकडे निघून जातो. नरक चतुर्दशीची ही रात्र अमावास्येला लागून असल्याने भरती उधाणाची आहे. बांधावर राखणीला असलेले म्हातारे शेजारी, ज्यांना तो लहानपणापासून तात्या म्हणतो आणि ज्यांनी त्याला पोहायला शिकवले, पाण्याचा आवाज ऐकून विजेरी घेऊन मानशीपाशी उतरतात. ते दोरी सोडवू लागतात, आणि तेवढ्यात पन्नास पावलांवर बांध फुटतो. तात्या वाहून जातात.

दोरीची गाठ हे या कथेचे सर्वांत महत्त्वाचे चित्र आहे आणि त्यावर एक संपूर्ण चौकट खर्च करावी. ती बोटीच्या माणसांची सफाईदार गाठ असावी, कारण मुलगा बार्जमालकाचा, म्हणजे मालवाहू बोटीच्या मालकाचा, आहे. नायलॉनची निळी दोरी, दोन वेढे, वर घट्ट ओढलेले टोक, आणि अंगठ्यावर दोरीचा वळ उठलेला. पुढे अंगठा कोठेही काढायची वेळ आली की तो वळ काढावा. निवेदनाच्या पट्टीत त्याविषयी एक अक्षरही लिहू नये. तिसऱ्या-चौथ्या वेळी वाचक तो स्वतः शोधू लागतो, आणि मनातली टोचणी कागदावर उतरवण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

नायकाची शक्तीही याच अपराधातून निघावी. त्या रात्री पाण्यात उडी मारून तात्यांना शोधताना खारे पाणी सर्वेशच्या अंगात भिनले, आणि तेव्हापासून भरती चढते तशी त्याची पाण्यावरची सत्ता चढते, ओहोटीला ती उतरते, असे मी ठरवीन. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत जास्त चढते व सर्वांत जास्त ओसरते, त्यामुळे कथेला आयते घड्याळ मिळते. मर्यादा नसलेली शक्ती लेखकाला सोयीची वाटते, पण तिसऱ्या मारामारीपर्यंत तिची गंमत संपलेली असते. येथे तर भरती-ओहोटीच्या वेळा मुलापेक्षा बापाला जास्त चांगल्या ठाऊक आहेत, आणि बाप मुलाला भेटीला बोलावतो ते नेहमी ओहोटीला, हे दोन अंकांनंतर वाचकाच्या लक्षात येऊ द्यावे.

बाप आधी बाप असावा

बापाचे पात्र लिहिण्याआधी त्याचा जमाखर्च लिहून काढा. ही सूचना अक्षरशः घ्यावी: एका कागदावर त्याचे कर्ज, त्याचा हप्ता, त्याची मालमत्ता आणि त्याला ज्याची लाज वाटते ती गोष्ट मांडावी. आपल्या कथेतला बाप बार्जमालक आहे. खाणींचे लोहखनिज मांडवीतून मुरगाव बंदराकडे वाहून नेणाऱ्या बार्जी हे गोव्यातल्या कितीतरी घरांचे उत्पन्न होते. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले, पुढे काही काळ ते सुरू झाले, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबले. खाणकाम योग्य होते की अयोग्य यावर कथेने भाषण करू नये. तिने नांगरून पडलेली, गंजत चाललेली एक बार्ज दाखवावी आणि दर महिन्याला येणारे बँकेचे पाकीट दाखवावे. या माणसाला खाजनाची जमीन हवी आहे, कारण खारे पाणी शिरून ती पडीक झाली की शेतकरी कंटाळून विकतील आणि घेणारा एक माणूस त्याच्या ओळखीचा आहे. त्या रात्री नरकासुराच्या ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटात, भरती चढत असताना, त्याने स्वतः जेसीबी चालवून बांध खणला. दुसऱ्या कोणावर विश्वास टाकण्याची त्याची तयारी नव्हती. बांधावर कोणी माणूस आहे हेही त्याला माहीत नव्हते.

या शेवटच्या वाक्यामुळे तो कमी दुष्ट ठरतो असे काही वाचकांना वाटेल. त्याचा खरा दुष्टपणा पुढे आहे, आणि कथेचा कणाही तोच आहे. पहाटे, लोक येण्याआधी, बाबा मानशीवर पोहोचतात, दाराला बांधलेली निळी दोरी पाहतात, गाठ ओळखतात, दोरी कापतात आणि खिशात घालतात. गावाला ते सांगतात की बांध जुना होता, उधाणाने गेला, कोणाचा दोष नाही. मुलाला ते एकांतात सांगतात की दोरी मी काढली, ही गोष्ट आपल्या दोघांत राहील. मुलाला वाटते की बापाने आपल्याला वाचवले. बापाने त्याला वाचवलेही आहे. पण मुलाचा अपराध झाकताना त्याने स्वतःचा अपराध त्याच्याखाली दडवला आहे, आणि मुलाच्या मनातली शरम हे त्याचे कुलूप बनले आहे. असा बाप उभा राहिला की त्याला मुखवटा देण्याची गरजही उरत नाही.

त्याचे प्रेम खोटे करू नका. नवे लेखक येथे घाबरतात आणि शेवटी बाप म्हणतो की मी तुझा वापर केला, तुझ्यावर माझे कधी प्रेमच नव्हते. त्या वाक्याबरोबर कथा मरते, कारण प्रेम खोटे असेल तर मुलाला तोडण्यासारखे काही उरतच नाही. बाप गावाच्या सभेत शुद्ध, तोललेल्या मराठीत बोलतो, देवळाच्या जत्रेतल्या नाटकात इतकी वर्षे राजाची भूमिका केल्यासारखा बोलतो, आणि घरी त्याची भाषा बदलते, कोंकणी होते. तात्यांचे प्रेत सापडते त्या संध्याकाळचे एक पान मी असे काढीन: सहा चौकटी, स्वयंपाकघर, चुलीवर उकडे तांदूळ, टेबलावर दोन ताटे. बाबा हात धुतात. नखांत अजून बांधाची काळी माती आहे. ते माशाच्या तुकडीतला काटा काढून ती तुकडी मुलाच्या ताटात ठेवतात. सहाव्या चौकटीत एकच फुगा, आत दोन कोंकणी शब्द: "जेवलो रे?", म्हणजे जेवलास का रे? पहिल्या वाचनात हे पान मायेचे वाटावे आणि सगळी कथा कळल्यानंतरच्या दुसऱ्या वाचनात अंगावर यावे. ते दोन्ही वेळा खरे असावे. आणि नखांतली माती पहिल्या वेळी कोणाच्या लक्षात येऊ नये, इतकी ती साधी काढावी.

सत्य कळण्याचे पान

खलनायकाने उभे राहून आपले कारस्थान सांगणे ही कॉमिकमधली फार जुनी सोय आहे आणि या कथेत ती टाळणे अत्यावश्यक आहे. सत्य मुलाला वस्तूंवरून कळावे. नदीच्या दाबाने बांध फुटला तर माती आणि जांभे दगड शेताच्या बाजूला वाहून जातात. येथे मात्र खणलेला ढिगारा नदीच्या बाजूला पडला होता आणि तो पाण्याखाली असल्याने कोणाला दिसला नाही. गावाने घाईने बांध शेताकडून सांधला. पुढे अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला, पाणी नेहमीपेक्षा खाली गेले असताना, सर्वेश तेथे चिखलात उतरतो आणि त्याला जांभ्यांचा तो ढीग दिसतो. दगडांवर जेसीबीच्या दातांच्या समांतर खुणा आहेत. ही ओहोटीची वेळ आहे, म्हणजे सत्य समोर आले तेव्हा त्याच्या अंगात कसलीही शक्ती नाही. हा योग सोडू नये.

पानांची मांडणी येथे फार जपून करावी. डावीकडे बांधणी असलेल्या पुस्तकात विषम पाने उजव्या हाताला येतात, त्यामुळे वाचकाला धक्का द्यायचा असेल तो पान उलटल्यावर, सम पानाच्या पहिल्याच चौकटीत द्यावा. उजव्या पानावर दिला तर डावे पान वाचतानाच डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो फुकट जातो. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत सर्वेशचा हात दगडावरचा शेवाळ पुसतो आहे. पान उलटल्यावर पूर्ण पानभर फक्त खुणा. त्याच पानाच्या तळाशी एक अरुंद आडवी चौकट घालावी आणि तिच्यात पुन्हा त्याचा अंगठा, दोरीचा वळ असलेला. एवढ्याने वाचकाला कळते की बापाचे पाप सापडले म्हणून मुलाचे पाप हरवलेले नाही: बांध खणला नसता तर तात्या वाचले असते, आणि दार बांधले नसते तर ते तेथे उतरलेच नसते. हे दोन्ही अर्थ एका पानावर शेजारी ठेवणे हे या प्रकारच्या कथेतले सर्वांत कठीण काम आहे, आणि या पानासाठी आठवडाभर गेला तरी तो जाऊ द्यावा.

सूड

सर्वेश आता संतापतो, आणि हा संताप त्याला हवासा वाटतो, कारण संतापात असेपर्यंत अंगठ्याकडे पाहावे लागत नाही. सूड लिहिताना हे सतत लक्षात ठेवावे. आपल्या परंपरेत याची फार मोठी कथा आहे आणि गोव्याच्या भूमीशी ती जोडलेली आहे. काणकोणातल्या पैंगीणला परशुरामाचे देऊळ आहे आणि समुद्र मागे हटवून त्याने ही भूमी मिळवली ही गोष्ट येथे लहान मुलालाही ठाऊक असते. पण नवोदित लेखकाने तिचा आधीचा भाग पुन्हा वाचावा. पित्याच्या आज्ञेवरून परशुरामाने मातेचा वध केला. महाभारताच्या वनपर्वात तो पित्याकडे जे वर मागतो त्यांत माता जिवंत व्हावी, तिला वधाची आठवण राहू नये, आणि त्याचे पाप आपल्याला लागू नये, असेही मागणे आहे. त्यानंतर पित्याच्या हत्येचा सूड म्हणून तो एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करतो. माझ्या वाचनात या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या नाहीत: जे पाप वराने पुसले गेले, त्याची भरपाई एकवीस फेऱ्यांतही झाली नाही. कोणी वेगळे वाचील, आणि त्याला तसा अधिकार आहे. पण सुडाचे माप अपराधाच्या मानाने विलक्षण मोठे का होते, हे कळण्यासाठी याहून चांगला धडा सापडणार नाही.

मारामारीची पाने त्यामुळे वाढत्या मापाने रचावीत. पहिल्या वेळी सर्वेश बापाची बार्ज नांगरावरून सोडून देतो. हे वाचकाला रुचेल. दुसऱ्या वेळी तो ज्याला जमीन विकायची होती त्या माणसाचे घर पाण्यात घालतो. घरात मुले आहेत, आणि वाचकाला थोडे अवघडल्यासारखे व्हायला हवे. तिसऱ्या वेळी त्याने आणलेली भरती नव्या बांधावरून शेतात शिरते. कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भातही जेथे तग धरणार नाही इतके मीठ तो स्वतःच्या गावाच्या जमिनीत ओततो. ज्या कामासाठी तो बापाचा जीव घ्यायला निघाला, तेच काम त्याने स्वतः केले आहे. ही चौकट बापाने बांध खणला त्या चौकटीच्याच कोनातून, त्याच उंचीवरून काढावी. शब्दांची गरज पडणार नाही.

येथे एक मोह होईल, तो नरकासुराचा. पेटता नरकासुर, पहाट, समोर बाप, हातात पलिता: हे चित्र इतके तयार आहे की ते प्रत्येकाच्या मनात येते, आणि म्हणूनच ते शेवटी नको. गोव्यातल्या वाचकाला त्या प्रतिमेचा अर्थ आधीच पाठ आहे. बाप तेथे उभा राहिला की तो राक्षस ठरतो, आणि आपण एवढा वेळ खर्चून त्याला माणूस ठेवले ते व्यर्थ जाते. नरकासुराची रात्र अपराधाला द्यावी, कारण त्या गोंगाटाचे तेथे खरे काम आहे. त्याचप्रमाणे नायकाच्या पोशाखासाठी वीरभद्रासारख्या विधिनाट्यांतले रंग उचलू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. गावोगावी ती आजही श्रद्धेची गोष्ट आहे. मासे धरणाऱ्याची जुनी बरसाती आणि तोंडाला बांधलेले फडके एवढा वेश या मुलाला शोभेल.

मग शेवट कोणता? १९७३ च्या त्या कथेत नायक सूड घेण्याच्या टोकाला जाऊन थांबतो आणि खलनायक स्वतःच्याच उडत्या यानाच्या आघाताने मरतो. त्या काळी तो शेवट धक्कादायक होता, परंतु तेव्हापासून इतक्या लेखकांनी तो वापरला आहे की आता ती पळवाट झाली आहे: नायकाचे हात स्वच्छ, खलनायकही मेला, आणि ठरवावे कोणालाच लागले नाही. प्रल्हादाच्या कथेतही बापाला मारायला नृसिंह येतो आणि मुलाच्या हातून काही घडत नाही. भागवतातला प्रल्हाद तर नंतर त्याच बापाच्या उद्धारासाठी प्रार्थना करतो. ती भक्ताची कथा आहे. आपली कथा अपराध्याची आहे, त्यामुळे निर्णय त्याच्याच हातात राहिला पाहिजे.

आता बापाचे कुलूप आठवा. त्याचा सगळा बचाव एका गोष्टीवर उभा आहे: मुलगा दोरीविषयी कधीही तोंड उघडणार नाही. म्हणून बापाला घायाळ करणारे शस्त्र एकच आहे, ते म्हणजे मुलाचा स्वतःचा कबुलीजबाब. गावाच्या सभेत, तात्यांच्या घरच्या माणसांसमोर, सर्वेश उभा राहतो आणि दार मी बांधले होते असे सांगतो. लोक हादरतात, शिव्या देतात, आणि मग एक वयस्क शेतकरी विचारतो की दार उघडे राहिले तर शेतात पाणी येईल, पण पन्नास पावलांवरचा बांध कसा फुटेल? येथून पुढे सत्य आपल्या पायांनी चालत जाते. मुलाने बापावर बोटही उगारलेले नाही, तरी सूड पुरा झाला आहे. आणि त्याची किंमत त्याने स्वतः मोजली आहे, कारण तात्यांची नात त्याच्याशी पुन्हा बोलेल की नाही हे कथेने सांगू नये. सभेचे हे दृश्य ओहोटीच्या वेळी घ्यावे. मुलाच्या अंगात त्या वेळी कोणतीही शक्ती नसते, आणि बाप समोरच्या रांगेत बसलेला असतो.

पाने, अक्षरे आणि पाऊस

राहिलेल्या गोष्टी लवकर सांगता येतील. अमेरिकी मासिक अंकात कथेची साधारण वीस ते बावीस पाने असतात. ही कथा वीस पानांच्या तीन अंकांत बसते. एका पानावर पाच-सहा चौकटी पुरेत. प्रत्यक्ष चित्र काढण्याआधी साठही पाने काडेपेटीएवढ्या आकारात कच्ची रेखाटून एका भिंतीवर लावावीत, म्हणजे अंगठा कोठे कोठे येतो आणि नखांतली माती विसरली का, ते एका नजरेत दिसते. एका फुग्यात वीसहून अधिक शब्द घालू नयेत. देवनागरीला ओळीच्या वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार लागतात, त्यामुळे इंग्रजी कॉमिक पाहून फुगे काढले तर दोन ओळी एकमेकींत अडकतात. फुगा आधी लिहावा आणि मग त्याभोवती चित्राची जागा ठरवावी. हाताने अक्षर येत नसेल तर 'कलम' किंवा 'बालू' हे युनिकोड टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत, आणि दोन्ही फुग्यात बरे दिसतात. बापाच्या नाटकी भाषणासाठी आणि घरच्या बोलण्यासाठी मात्र टंक बदलू नये. फरक शब्दांतूनच कळावा.

चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट काढावे आणि काळ्या रेषांचे पान ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. जून ते सप्टेंबर या काळात गोव्याच्या हवेतला ओलावा कागद फुगवतो आणि शाई पसरवतो, म्हणून पाने प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि शाईचे काम शक्यतो पावसाळ्याबाहेर उरकावे. जागा डोळ्यांनी पाहूनच काढाव्यात. त्या १२१व्या अंकात मजकुरात एका पुलाचे नाव आहे आणि चित्र दुसऱ्याच पुलासारखे दिसते, आणि वाचक त्यावर अजून बोलतात. मांडवीवर २०१९ मध्ये खुला झालेला अटल सेतू तारांच्या आधाराचा आहे, शेजारचे जुने पूल तसे नाहीत. मानस आणि बांध तर गावागावांत वेगळे आहेत. मांडवीतल्या चोडण किंवा दिवाडी बेटाच्या फेरीबोटीतून उतरून, बांधावरून चालत, दारांची मापे आणि बिजागऱ्या रेखाटून आणाव्यात. कोणाच्या मानशीवर उतरण्याआधी तेथल्या शेतकऱ्यांना विचारावे.

सगळी पाने पेन्सिलीत पूर्ण झाली की फुगे न भरता ती दोन वाचकांना द्यावीत, एक खाजनाच्या शेतीतल्या घरातला आणि एक ज्याने मानस कधी पाहिलेली नाही असा. त्यांना एवढेच विचारावे की तात्यांना कोणी मारले. उत्तर चटकन आले आणि त्यात एकच नाव असले, मग ते बापाचे असो वा मुलाचे, तर शाई हातात न घेता सत्य कळण्याच्या पानाकडे परत जावे आणि तेथून पुढची पाने पुन्हा काढावीत.